टोपलीतल्या हवेचं भाडं

...आणि भाडं कशाचं, तर हवेचं! हवेचं हो! टोपली आपली सहाशे ग्रॅमची. मी स्वतः काट्यावर ठेवून दाखवली त्या कुरियरच्या माणसाला. आणि तो काय करतो, तर खिशातून टेप काढतो, खोक्याची लांबी मोजतो, रुंदी मोजतो, उंची मोजतो, फोनवर बोटं आपटतो आणि म्हणतो, "काका, साडेचार किलो." अरे, कुठून आले साडेचार किलो? मी म्हटलं, काट्यावर बघ. तो म्हणतो, "काका, काटा कोण बघतो? खोकं गाडीत जागा किती खातं ते बघतात. आत हवा असली तरी जागा ती जागाच." म्हणजे बघा, बावन्न वर्षं मी वेत तासतोय, टोपली हलकी व्हावी म्हणून तासतोय, उचलणाऱ्या बाईचा हात दुखू नये म्हणून तासतोय, आणि भाडं पडलं ते मी न विणलेल्या मधल्या पोकळीचं! जे मी केलंच नाही त्याचं भाडं! टोपलीपेक्षा भाडं जास्त!

आणि समोर साडूच्या दारात तीच गाडी, तोच माणूस, आणि साडू हसतोय. त्याला परवडतं म्हणे.

मी जळत नाही हां. सांगून ठेवतो.

थांबा, मधूनच सुरू झालो. साडू कोण ते कळायला हवं तुम्हाला. साडू म्हणजे आमच्या हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. घर आमच्या समोरच, चाळीस पावलांवर. मी मोजलीत. मी माझ्या खोलीच्या दाराशी विणायला बसलो की नजर उचलली की त्याचंच दार. एवढा रस्ता आहे, एवढी दारं आहेत, पण नाही, त्याचंच. तर हा साडू छत्तीस वर्षं एका कचेरीत शिक्के मारायचा. जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले, शिक्का, शिक्का, शिक्का. निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात. "दादा, दिवसभर घरात बसलो की धाकटी चिडते हो. तुमच्याजवळ बसू का जरा?" म्हटलं बस. मला काय माहीत बसणार म्हणजे काय करणार! आधी नुसता बघत बसला. मग म्हणाला, "दादा, ही काडी मी भिजत घालू का?" घाल. "दादा, तळ धरून बघू का?" धर. त्याची पहिली टोपली तुम्ही बघायला हवी होती, एका बाजूला अशी कलली होती जशी कचेरीतली सगळी मंडळी दुपारी कलतात. हिने ती कौतुकाने ठेवलीय, अजून घरात आहे. माझी पहिली टोपली कुठाय? विचारू नका.

चार महिने. फक्त चार महिने बसला माझ्या स्टुलावर. आणि पाचव्या महिन्यात काय, तर त्याच्या दारात गाडी. मला वाटलं, कुणाचं सामान आलं. तर आलं नव्हतं, चाललं होतं! टोपल्या! त्याच्या! साडूने ऑनलाइन दुकान काढलं होतं. मला न सांगता. मी काय विचारणार होतो म्हणा... पण सांगायला नको?

सूनबाईने फोनवर दाखवलं. दुकानाचं नाव 'वेतघर'. वर साडूचा फोटो. एप्रन घालून! अहो, एप्रन! टोपली विणताना काय तेल उडतं का अंगावर? आणि खाली काय लिहिलंय, तर 'पिढ्यानपिढ्यांची कला, आमच्या हातांतून तुमच्या घरात'. कुणाच्या पिढ्या? याचे वडील टपालाची थैली वाहायचे. आजोबा काय करायचे ते त्यालाही माहीत नाही. पिढी एकच, चार महिन्यांची, आणि तीही माझ्या स्टुलावर बसलेली!

त्या दिवसापासून आमच्या हिचं चालू झालं. "अहो, गाडी आली बघा धाकटीकडे. आज दुसऱ्यांदा आली." बघितली म्हटलं. "आज सहा खोकी गेली." मोजलीस? "मोजली नाही, दिसली." एवढी जर नजर तीक्ष्ण आहे तर सुईत दोरा माझ्याकडून का ओवून घेते ही?

मी जळत नाही. सांगून ठेवतो. पण माणसाला आपल्या दारात गाडी थांबावी असं वाटू नये का?

म्हणून मी सूनबाईला म्हटलं, काढ. माझंही काढ दुकान. सूनबाई दाताच्या डॉक्टरकडे काम करते, पेशंटना वेळा देते, त्यामुळे तिचं बोलणं एकदम ठरलेलं असतं. ती म्हणाली, "काढते बाबा. पण एक अट. सहा आठवड्यांत दहा टोपल्या गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर हे दुकान बंद, आणि तुमचा माल साडूकाकांच्या दुकानातून विकायचा. त्यांनी दोनदा विचारलंय." त्याच्या दुकानातून! माझा माल! त्या एप्रनखाली! मी म्हटलं, दहा काय, वीस जातील. मान्य.

आता तुम्हाला सांगतो, दुकान काढणं म्हणजे मला वाटलं, फळी उघडायची, झाडून घ्यायचं, बसायचं. पण हे दुकान आधी तुम्हालाच शंभर प्रश्न विचारतं.

पहिला प्रश्न, नाव काय. म्हटलं, नाव कशाला? गल्लीत विचारा टोपलीवाला कुठं बसतो, कुणीही सांगेल. सूनबाई म्हणाली, "बाबा, तिथं गल्ली नाहीये." बरं, म्हटलं, टोपलीवाला लिही. तिने लिहिलं. लाल अक्षरं आली. म्हणे हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय. टोपलीवाला २ बघ म्हटलं. तेही गेलेलं. तीन, चार, पाच, सहा... सगळे गेलेले! शेवटी माझ्या वाट्याला आलं 'टोपलीवाला ७'. बावन्न वर्षं या रस्त्यावर मी पहिला आणि एकटा, आणि तिथं सातवा!

मग म्हणे वर्णन. "बाबा, या टोपलीबद्दल सांगा."

"टोपली आहे."

"अजून?"

"गोल आहे."

"बाबा, घेणाऱ्याला काहीतरी वाटायला हवं!"

"टोपली घेतल्यासारखं वाटेल."

तिने साडूचं वर्णन वाचून दाखवलं, 'कोवळ्या उन्हासारखी ऊबदार, आठवणींना कवेत घेणारी'. टोपली ऊबदार? अंगावर पांघरायची आहे का? आणि आठवणी ठेवायला कुणी टोपली घेतं? कांदे ठेवतात हो त्यात! शेवटी सूनबाईने माझ्या टोपलीखाली लिहिलं, 'मजबूत. गोल.' मी म्हटलं, हे बरोबर.

मग फोटो. साडूच्या फोटोत टोपलीत एक मांजर झोपलेलं. शेजारी फूल. मागे पडदा. मी म्हटलं, माझ्या टोपलीत टोपलीच दिसली पाहिजे. मांजर विकायचं नाहीये मला. उद्या कुणी म्हटलं, फोटोत मांजर होतं, खोक्यात नाही, तर? सूनबाईने कपाळाला हात लावला आणि पांढऱ्या चादरीवर ठेवून काढले फोटो. वरून, खालून, बाजूने. गुन्हेगाराचे काढतात तसे.

मग माप. मी मापं वितीने घेतो. दोन विती तोंड, दीड वीत खोली. सूनबाई म्हणाली सेंटिमीटर हवेत. घेतले. मग तिने दुसरी टोपली मोजली, तर ती वेगळी. तिसरी अजून वेगळी. "बाबा, एकसारख्या किती आहेत तुमच्याकडे?" एकसारखी? मी म्हटलं, एकसारखी एकही नाही. हाताने केल्यात, ओतल्या नाहीत. "पण बाबा, फोटो एकीचा आणि पाठवणार दुसरी, असं चालत नाही. लोक परत पाठवतात." मग काय, तेवीस टोपल्यांचे तेवीस वेगवेगळे फोटो, तेवीस मापं, आणि प्रत्येकीखाली 'मजबूत. गोल.' दोन दिवस गेले त्यात. आणि समोर? साडूने काय केलं होतं माहितीये? त्याने लाकडाचे तीन साचे करून घेतलेत. लहान, मधला, मोठा. साच्यावर विणायचं. सगळ्या टोपल्या सख्ख्या बहिणींसारख्या. एक फोटो, शंभर टोपल्या. साच्यावर विणणं म्हणजे काय विणणं आहे? पायजमा शिवताना माणसाऐवजी खांबाचं माप घेतल्यासारखं ते! पण फोटो एकच काढावा लागतो त्याला, हे खरं. एकच. मी तेवीस.

जळत नाही मी. नुसतं सांगतोय.

तिसऱ्या दिवशी पहिली ऑर्डर आली. आमची ही तर पदर खोचून दारात उभी राहिली, जणू काही गिऱ्हाईक स्वतःच फोनमधून बाहेर येणार आहे. सूनबाई म्हणाली, "बाबा, खोक्यात भरायची आणि पाठवायची." मी म्हटलं, अशी कशी पाठवायची? कशाला हवीय विचारायला नको? आता हे माझं पहिल्यापासूनचं आहे. माझ्या दाराशी कुणीही आलं तरी मी आधी विचारतो, कशाला हवी? कपड्यांना वेगळी, भाजीला वेगळी, लाकडाला वेगळी. भाजीच्या टोपलीत कुणी विटा भरल्या तर टोपली मोडणार आणि नाव माझं जाणार. विचारल्याशिवाय आजवर एक टोपली मी दिलेली नाही. तर खोक्यावर लिहायला गिऱ्हाइकाचा नंबर होताच. लावला फोन.

"टोपली तुम्ही मागवली?"

"हो... कोण बोलतंय?"

"टोपलीवाला."

"कुठला?"

"सातवा. कशाला हवीय?"

बाई म्हणाली, "काका, मी ती उलटी करून छताला टांगणार आहे. आत दिवा लावायचा. किती सुंदर सावल्या पडतील ना?" उलटी! माझी टोपली उलटी टांगणार, आणि बुडाला भोक पाडून वायर ओवणार! बूड करायला मला अर्धा दिवस लागतो हो. मी म्हटलं, मिळणार नाही. आणि फोन ठेवला.

दुसरी ऑर्डर. कशाला हवी? "मांजराला झोपायला." मांजर नखं लावतं. नाही. तिसरा एक तरुण म्हणाला, "काका, वापरायची नाहीये, नुसती फोटोत मागे ठेवायचीय." वापरायची नाही तर घ्यायची कशाला? नाही!

सूनबाई कामावरून आली, फोन बघितला, तीन ऑर्डरी आणि तिन्ही रद्द. तिचा चेहरा असा झाला, जणू दाताच्या डॉक्टरकडे ती कामाला नाही, पेशंट म्हणूनच जाते. "बाबा, तुम्ही टोपली विकताय की मुलगी देताय?" मी म्हटलं, मुलगी देताना तरी माणूस बघायला येतो, इथं तर तोही येत नाही, मग विचारायला नको? ती म्हणाली, "आणि माहितीये का, त्या दिवेवाल्या बाईंनी साडूकाकांकडून चार घेतल्या. टांगल्याही. फोटो टाकलाय." दाखव म्हटलं. बघितला. उलट्या लटकत होत्या चारही, आत दिवे, भिंतीवर सावल्या... पडल्या होत्या बऱ्या. साडूच्या विणीत फटी आहेत ना, म्हणून पडतात सावल्या! माझी वीण घट्ट. माझ्यातून उजेडसुद्धा विचारून जातो!

मग मी जरा सैल झालो. विचारायचो, पण नाही म्हणायचो नाही. दात आवळून हो म्हणायचो. चार गेल्या अशा. पहिली एका माणसाला, धुवायचे कपडे ठेवायला, त्याच वेळी तो हवेचा प्रकार झाला. एक शाळेतल्या बाईंना वह्या ठेवायला. एक लोकरीचं विणणाऱ्या आजींना. त्या आजींशी मी पाऊण तास बोललो. चांगल्या होत्या. त्यांनीच मला उलटं विचारलं, तुम्ही कोणत्या सुईने विणता? आणि चौथी एका पावाच्या भट्टीवाल्याला. त्याला घाई होती, म्हणून ताजी विणलेली, वेत अजून ओला असताना, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून पाठवली. आता मला कुठं माहीत की ओला वेत प्लास्टिकमध्ये घाम सोडतो? बावन्न वर्षांत मी टोपलीला कधी रेनकोट घातला नव्हता! चार दिवसांनी परत आली, अंगभर हिरवी बुरशी. माझ्या खोलीत पाटी आहे, 'विकलेला माल परत घेतला जात नाही'. सूनबाई म्हणाली, "बाबा, ती पाटी त्या भट्टीवाल्याला कशी दिसणार?" घेतली परत. धुतली. उन्हात ठेवली. समोरून साडू बघत होता. हात हलवला त्याने.

आणि हवेचं? साडूला कसं परवडतं हे मला कळेना. एक दिवस उभा राहिलो दाराआड... बघत नव्हतो, उभा होतो. तर साडूने काय करावं? मोठ्या टोपलीत मधली घातली, मधलीत लहान घातली, आणि एकच खोकं! तीन टोपल्यांचा संच! म्हणजे भाडं एकाच खोक्याचं, आणि आत हवाच नाही! हवेच्या जागी त्याने टोपल्या भरल्या! आता मला सांगा, एकात एक टोपल्या रचायला त्याला शिकवलं कोणी? मी! खोलीत जागा पुरत नव्हती म्हणून मीच म्हटलं होतं, "अरे, अशा पसरू नकोस, एकात एक घाल." माझं ते बोलणं त्याने उचललं आणि त्याचं दुकान केलं. मी बोललो आणि विसरलो. आणि बरं, मीही घातल्या असत्या एकात एक, पण माझ्या तेवीसच्या तेवीस वेगळ्या मापाच्या. एक दुसरीत जाते तर तिसरी कुणातच जात नाही. माझ्यावरच गेल्यात सगळ्या.

मग आलं ते ताऱ्यांचं आणि शेऱ्यांचं. घेणारा माणूस नंतर दुकानाला तारे देतो म्हणे, पाचापैकी, आणि खाली शेरा लिहितो. शेरा हा शब्द मला शाळेपासून माहीत. तिसरीपर्यंत होतो, चांगला एकही मिळाला नव्हता. इथं मिळाला तो असा, तीन तारे, आणि 'टोपली उत्तम आहे. पण आजोबांनी खूप प्रश्न विचारले.' बस. आणि साडूला? चार पूर्णांक नऊ! दोनशे माणसांनी!

चार पूर्णांक नऊ. चौदा काड्यांच्या तळाला!

अहो, तळाला सोळा उभ्या काड्या लागतात. साडू चौदा घालतो, कारण पंधराव्या काडीपाशी त्याची बोटं गोंधळतात, हे मला माहीत, त्याला माहीत. त्या दोनशे माणसांना कुणी सांगायचं? मी ठरवलं, मी सांगणार. मी शेरा लिहिणार. सूनबाईला न सांगता फोन घेतला. पण फोन म्हणतो, आधी वस्तू विकत घ्या, मगच शेरा. म्हणजे साडूला नावं ठेवायची तर आधी साडूचं गिऱ्हाईक व्हायचं! झालो. मागवली.

आता ऐका. समोर साडूचं दार, इथं माझं दार, चाळीस पावलं. ती टोपली साडूच्या दारातून गाडीत चढली, माझ्या डोळ्यांदेखत, आणि गाडी गेली. गेली ती गावाबाहेरच्या गोदामात गेली, तिथं एक रात्र राहिली, तिथून कुठल्याशा दुसऱ्या गोदामात गेली, आणि तीन दिवसांनी तीच गाडी माझ्या दारात! आणि भाडं मी भरलेलं! हवेसकट!

आमची ही ओरडली, "अहो! गाडी! पुन्हा आपल्या दारात!" शेजारचा कुलुपवाला बाहेर आला, वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीत आल्या. मी छाती काढून उभा. आणि तो गाडीवाला सगळ्यांसमोर म्हणतो, "काका, साडूंकडून आलंय, सही करा." अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

उघडली टोपली. मोजल्या काड्या. चौदा. मग दुपारभर एका बोटाने शेरा लिहिला. खोटं मी लिहीत नाही. जे आहे ते लिहिलं. 'तळाला सोळा काड्या हव्यात, चौदा आहेत. काठाचं टोक आत दाबलेलं नाही, बोटाला लागतं. बाकी वीण बरी आहे. मी वर उभा राहिलो. वजन पंचाहत्तर किलो. मोडली नाही.' तीन तारे. म्हटलं, आता कळेल जगाला.

जगाला कळलं. सूनबाईने आठवड्याने फोन दाखवला. माझा शेरा सगळ्यांत वर! 'एकशे चाळीस लोकांना उपयोगी वाटला.' खाली लोक काय लिहितात, 'या काकांचा शेरा वाचून घेतली. पंचाहत्तर किलोला मोडत नाही म्हणजे कमाल आहे.' साडूच्या दारात त्या आठवड्यात गाडी दिवसातून तीनदा! आणि माझ्या शेऱ्याखाली साडूचं उत्तर, 'आदरणीय ग्राहक, आपल्या सूचनेबद्दल मनापासून आभार. सुधारणा करत आहोत.' आदरणीय ग्राहक! खोक्यावर माझा पत्ता त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता हो, समोरच्या घराचा! आणि म्हणतो, आदरणीय ग्राहक!

सुधारणा करत आहोत म्हणाला. करतोय का ते बघायला नको? दुसरी मागवली. पंधरा काड्या. लिहिलं, 'पंधरा झाल्या. अजून एक.' तिसरी मागवली. सोळा! पण काठ तसाच. लिहिलं, 'काठ ओला असताना वळवा, सुकल्यावर नाही.' चौथी. काठ वळवलेला. पाचवी... अहो, पाचवी मी दोन दिवस उलटीसुलटी केली. बूड बघितलं, कान ओढले, पाण्यात बुडवली, वर उभा राहिलो, हिलाही उभं केलं. काही सापडेना. काहीच! चार महिने समोर बसवून जे त्याला शिकवता आलं नाही ते मी त्याला शेऱ्यांतून शिकवलं. आणि माझ्याच खर्चाने! शेवटी चार तारे दिले. पाचवा हातून सुटला नाही. बोटच पुढे जाईना.

मी जळत नाही. सांगून ठेवतो. बोट जळत असेल.

सहा आठवडे झाले. सूनबाई समोर येऊन बसली. "बाबा, हिशेब सोपा आहे. चार टोपल्या गेल्या, एक परत आली. आणि पाच तुम्ही साडूकाकांकडून घेतल्या. म्हणजे दुकान काढल्यापासून घरातल्या टोपल्या वाढल्यात." आमची ही हसली. मी तिच्याकडे बघितलं. ती अजून हसली.

शब्द दिला होता. शब्द म्हणजे शब्द. संध्याकाळी साडू स्वतः आला, एप्रनशिवाय आला, नेहमीच्या स्टुलावर बसला. मी म्हटलं, एकच सांगतो, टोपलीवर नाव माझं पाहिजे, तुझ्या पिढ्यांच्या खाली जाणार नाही मी. तर म्हणतो, "अहो दादा, तुमचंच नाव. वेगळं पान करतो तुमचं. तुम्ही नुसतं विणा. विचारायचं ते विणताना विचारा, ऐकायला मी आहे." मला वाटलं, हा अडून बसेल, मग मला चार शब्द सुनावता येतील. नाहीच अडला. चांगल्या माणसाशी भांडायला किती त्रास होतो, तुम्हाला कल्पना नाही.

विकल्या जातायत. खोटं कशाला सांगू? आठ दिवसांत अकरा गेल्या. माझ्या वेगवेगळ्या मापांचं त्याने काय लिहिलं माहितीये? 'प्रत्येक टोपली जगात एकच.' हे काय सांगायची गोष्ट आहे? पण लोक त्यासाठीच घेतात म्हणे.

फक्त परवा सूनबाईने ते पान दाखवलं. साडूच्या नावापुढे सोनेरी पट्टी, त्यावर 'उस्ताद कारागीर'. बरं, असू दे. मग माझं पान. माझ्या नावापुढे हिरवी पट्टी. मी चष्मा पुसला. परत वाचलं. 'नवीन कारागीर.'

नवीन! एकाहत्तर वर्षांचा मी! साडूला हाक मारली रस्त्यातूनच. तो पळत आला, चप्पल न घालता. "दादा, आईशप्पथ, मी नाही लावली ती पट्टी. आपोआप लागते हो. पन्नास चांगले शेरे झाले की आपोआप जाते." कुणी शेरे दिलेत ते बघितलं. पहिलाच साडूच्या बायकोचा. आमच्या हिच्या सख्ख्या बहिणीचा. रीतसर टोपली विकत घेऊन. चार तारे, आणि 'वीण उत्तम. माझ्या यजमानांसारखीच.'

तर एकोणीस झालेत आतापर्यंत. बसतो रोज, विणतो, ती हिरवी पट्टी बघतो. तुमच्यापैकी कुणाला टोपली घ्यायची असेल तर घ्या, नसेल तर नका घेऊ. मी कुणाकडे शेरे मागत नाही हां, सांगून ठेवतो... एकतीस राहिलेत, एवढं आपलं कानावर घातलं.